ससा, भारतीय : वर्गीकरणाचा इतिहास व भौगोलिक प्रसार

भारतीय उपखंडातील एक वन्य स्तनी प्राणी. याचा समावेश लॅगोमॉर्फा गणाच्या लेपोरिडी कुलात होतो. शास्त्रीय नाव लीपस नायग्रिकॉलिस. या नावाचा अर्थ ‘काळ्या मानेचा ससा’ असा असून ते मुळात केवळ दक्षिण भारतातील सशाला देण्यात आले होते. पुढे ते सबंध उपखंडातील सशांना लागू झाले. पुणे जिल्ह्यातील भीमा नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या शिरूर व दौंड तालुक्यांत, विशेषतः पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगावच्या (ता. दौंड) परिसरातील माळरानांवर व शेतांच्या बांधांवर दिसणारा ससा याच जातीचा होय. त्याच्या मानेच्या मागील बाजूस काळा पट्टा असतो व शेपटीची वरची बाजू काळी असते. शरीराची लांबी साधारणतः ४०–५० सेंमी. असते.

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. घरोघरी पाळला जाणारा पांढरा ससा हा यूरोपीय रानटी सशापासून निपजलेला असून त्याचा वंश ऑरिक्टोलॅगस हा आहे. तो बीळ करून राहतो व त्याची पिल्ले जन्मतः केशहीन आणि मिटलेल्या डोळ्यांची असतात. भारतीय ससा बीळ करीत नाही; गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला उथळ खळग्यात तो दिवसभर दडून बसतो व सायंकाळी चरावयास निघतो. गर्भावधी ४१–४७ दिवसांचा असून एका वेळी १ ते ४ पिल्ले होतात. जन्मतःच त्यांच्या अंगावर केस असतात व डोळे उघडे असतात. लीपस वंशात गुणसूत्रांची संख्या ४८, तर ऑरिक्टोलॅगस वंशात ती ४४ असते.

गणाचा प्रश्न : प्राचीन भारतीय ग्रंथांत सशाला ‘शश’ किंवा ‘शशक’ म्हटले असून चंद्रावरील डागामुळे चंद्राला शशांक व शशी ही नावे मिळाली. धर्मशास्त्रग्रंथांत भक्ष्याभक्ष्यविचाराच्या संदर्भात पाच नखे असलेल्या प्राण्यांचा ‘पंचनख’ असा वर्ग कल्पिलेला आहे. त्यात साळिंदर, घोरपड, गेंडा व कासव यांच्यासमवेत सशाची गणना होते. हे वर्गीकरण पायांच्या बाह्य स्वरूपावर आधारलेले होते.

कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये लीपस वंशाची स्थापना केली व तो उंदीर, घूस, खार यांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांबरोबर ठेवला. तथापि सशाच्या वरच्या जबड्यात पटाशीच्या मोठ्या दातांमागे लहान दातांची आणखी एक जोडी असते, हा महत्त्वाचा भेद होता. योहान इलिगर यांनी १८११ मध्ये या लक्षणावरून सशांचा स्वतंत्र गट कल्पिला. ब्रांट यांनी १८५५ मध्ये त्यास लॅगोमॉर्फा हे नाव देऊन कृंतकांचा उपगण मानले. १९१२ मध्ये जे. डब्ल्यू. गिडली यांनी तो स्वतंत्र गण असल्याचे प्रतिपादन केले व ते सर्वमान्य झाले. या गणात ससे आणि पायका अशी दोनच विद्यमान कुले आहेत.

जातींची संख्यावाढ : फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रेदेरिक क्यूव्ह्ये यांनी १८२३ मध्ये दक्षिण भारतातील सशाला लीपस नायग्रिकॉलिस हे नाव दिले. तीनच वर्षांनी, १८२६ मध्ये, इझीदॉर झॉफ्र्वा यांनी बंगालकडील सशाचे लीपस रूफिकॉडेटस म्हणजे ‘तांबूस शेपटीचा ससा’ या नावाने वर्णन केले. नेपाळमध्ये वास्तव्य असलेल्या बी. एच. हॉजसन यांनी १८४० व १८४४ मध्ये आणखी दोन नावे दिली, तर भूवैज्ञानिक डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८७४ मध्ये सिंधमधील वाळवंटी सशाला लीपस डायानस हे नाव दिले.

दख्खनच्या पठारावरील सशाची नोंद कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांच्या सूचीत आढळते. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून त्यांनी दख्खनच्या जिल्ह्यांतून पाहणी केली व तीत आढळलेल्या सस्तन प्राण्यांची सूची १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेपुढे मांडली. त्यांनी येथील ससा काळ्या मानेच्या जातीत घातला. टी. सी. जर्डन (१८६७) व ब्लॅनफर्ड (१८८८–९१) यांच्या ग्रंथांतही उत्तरेचा व दक्षिणेचा ससा या भिन्न जाती मानल्या आहेत.

गोदावरीची सीमा : या दोन जातींमधील सीमा म्हणून गोदावरी नदी सांगितली जाऊ लागली : नदीच्या उत्तरेस तांबूस शेपटीचा आणि दक्षिणेस काळ्या मानेचा ससा. केडगाव गोदावरीच्या दक्षिणेस शंभराहून अधिक किमी. अंतरावर असल्याने तेथील सशाविषयी शंका नव्हती. परंतु पश्चिमेकडे ही सीमा टिकत नव्हती. खानदेश व वऱ्हाड हे प्रदेश गोदावरीच्या उत्तरेस असूनही तेथे काळ्या मानेचा ससा आढळत असल्याचे जुन्या ग्रंथकारांनीच नमूद केले होते. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीचा आरंभ खानदेशातूनच झाला. या पाहणीतील नमुन्यांचा अभ्यास करणारे आर. सी. रॉटन यांनी १९१२ मध्ये लीपस सिमकॉक्सी या नव्या जातीचे वर्णन केले. १९१३ मध्ये महादेव डोंगरांवरून लीपस महादेवा हे नाव आले आणि १९१५ मध्ये श्रीलंकेतील सशासही वेगळे नाव मिळाले. नमुने जसजसे वाढले, तसतशी नावेही वाढत गेली.

एकत्रीकरण : या नावांमागील भेद मुख्यत्वे केसांचा रंग, मानेचा पट्टा, शेपटीची वरची बाजू व आकारमान यांपुरते मर्यादित होते. अशी लक्षणे हवामान व जमीन यांनुसार प्रदेशागणिक क्रमाने बदलू शकतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सर्व ससे एकाच जातीच्या उपजाती मानण्याकडे तज्ञांचा कल झाला. अग्रक्रमाच्या नियमानुसार सर्वांत जुने, म्हणजे १८२३ चे, नाव कायम राहिले. त्यामुळे मान काळी नसलेला उत्तरेकडील ससाही आता नायग्रिकॉलिस ठरतो. उपजाती साधारणतः सात मानल्या जातात. लीपस वंशातील जाती निसर्गतः परस्परांशी संकर करू शकतात. आयबेरियन द्वीपकल्पातील काही सशांत दुसऱ्या जातीचे कलकणिकीय डीएनए आढळले आहे. म्हणून केवळ रंगावरून किंवा केवळ अशा एका आनुवंशिक पुराव्यावरून जातिनिश्चय करणे धोक्याचे असते.

भौगोलिक प्रसार : भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश व श्रीलंका या देशांत ही जाती आढळते. हिमालयाचा उंच भाग व सुंदरबनातील खारफुटीचा प्रदेश यांत ती नाही. तिबेटच्या पठारावर व लगतच्या उंच प्रदेशात लोकरी ससा, तर पूर्वेस म्यानमारकडे ब्रह्मी ससा या वेगळ्या जाती आहेत. तराईच्या उंच गवतातील राठ केसांचा ससा तर कॅप्रोलॅगस या निराळ्याच वंशाचा आहे. मॉरिशस, रीयुन्यों, सेशल्स, जावा व अंदमान येथील भारतीय ससे माणसाने नेऊन सोडलेले आहेत. महाराष्ट्रात गवताळ माळ, काटेरी झुडपांचे रान व शेतीलगतची पडीक जमीन हे त्याचे मुख्य अधिवास होत. लांडगा, खोकड व कोल्हा यांच्या आहारात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

कायदा व संरक्षण : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या चौथ्या अनुसूचीत काळ्या मानेचा, सामान्य भारतीय व वाळवंटी असे तीन ससे वेगवेगळे नोंदविले होते; म्हणजे प्राणिविज्ञानाने एकत्र केलेले ससे कायद्यात स्वतंत्र राहिले. त्याच नोंदीत हिमालयातील ‘मूषक ससा’ही होता, वस्तुतः तो ससा नसून पायका आहे. या अनुसूचीतील प्राण्यांची परवान्याने शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जाती ‘किमान चिंताजनक’ गटात आहे. मात्र हा निष्कर्ष सिंधू खोऱ्यापासून श्रीलंकेपर्यंतच्या सबंध जातीविषयीचा आहे. जाती एक मानल्याने तिचा प्रसार विशाल ठरतो. एखाद्या प्रदेशातील सशांची स्थिती त्यावरून कळत नाही. दौंड व शिरूर तालुक्यांत कालव्यांच्या पाण्याबरोबर ऊस व बागायत वाढली आणि मोकळे माळ आक्रसत गेले. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात गवताळ रान राखून ठेवल्याचे जवळचे उदाहरण म्हणजे बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७). ते चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध असले, तरी त्याचे क्षेत्र अवघे ५ चौ. किमी.च्या आसपास आहे. बहुतेक ससे अशा राखीव क्षेत्राबाहेर, गायरानांत व बांधांवरच राहतात. त्यामुळे दख्खनच्या काळ्या मानेच्या सशाचे भवितव्य अभयारण्यांपेक्षा गावोगावच्या माळरानांवर अधिक अवलंबून आहे, आणि प्रदेशवार नोंदी ठेवल्यासच त्याची खरी स्थिती समजू शकेल. साइक्स यांच्या सूचीचे महत्त्व या दृष्टीने आजही आहे.