दोरीवर वाळत घातलेले कागद

23 सप्टेंबर 2023 ची ती रात्र नागपूरकर विसरणार नाही. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरात शिरली. दुसऱ्या दिवशी सगळे कॅमेरे वर्मा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीकडे होते. मी नाल्याकाठच्या एका बस्तीत गेलो. एका दारात दोरीवर कपडे नव्हते, कागद वाळत होते. रेशनकार्ड, लाइट बिलं, टॅक्सच्या पावत्या, जुन्या मतदार यादीची झेरॉक्स. मावशी म्हणाल्या, "टीव्ही गेला, गहू गेला, जाऊ द्या भाऊ. हे गेलं असतं तं आमी कुठचे?"

आपल्या शहरात गरिबाचं घर कशावर टिकलं, हे मला त्या दोरीपाशी कळलं.

मागं जाऊन बघा. 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली. गावागावातून माणसं आली. गिरणीला हात पाहिजे होते, पण त्या हातांनी राहायचं कुठं याचा विचार फारसा कोणी केला नाही. 1936 च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास आलं. अशा ट्रस्टची सुरुवात मुंबईत प्लेगनंतर 1898 ला झाली होती. काम तेच: दाटी मोकळी करा, रस्ते काढा, प्लॉट पाडा. प्लॉट घेणाऱ्याला शहर मिळालं. बाकीच्यांनी नझूलवर, नासुप्रच्या जागेवर, रेल्वेच्या कडेला, नाल्याकाठी आपापलं घर उभं केलं. मातीचं, मग टिनाचं, मग विटांचं. एक पैसा कर्ज न घेता हजारो घरं झाली. त्याला सरकारी भाषेत अतिक्रमण म्हणतात.

घराच्या प्रश्नाचं राजकारणही इथलंच. रिपब्लिकन पक्ष 1957 ला नागपुरात स्थापन झाला आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात 1964 चा देशव्यापी सत्याग्रह झाला. आपल्याला तो भूमिहीनांचा म्हणून आठवतो, पण त्याच्या मागण्यांत झोपडपट्टीवासीयांचा प्रश्नही होता. माणसं त्यासाठी तुरुंगात गेली.

1971 चा झोपडपट्टी कायदा आला, तेव्हा नळ, संडास, खडीकरण बस्तीत पोचायला लागलं. जमीन मात्र आपली नाहीच. मग सुरू झाला तारखांचा खेळ. आधी 1 जानेवारी 1995, नंतर 2000, नंतर 2011. त्या तारखेच्या आधी तुम्ही इथं होता, हे दाखवा. कशानं दाखवायचं? म्हणून ती पेटी, ते कागद.

मुंबईसारखं एसआरए करा, असं म्हणणारे इथंही आहेत. पण तिथं बिल्डर वरचे फ्लॅट महागात विकून खालचे फुकट देतो. आपल्याकडं जमिनीला तो भाव नाही, ते गणित बसत नाही. शिवाय लोकांना चौथ्या मजल्यावरची खोली नकोच होती. अंगण, शेळी, दारातलं छोटं दुकान सोडून वर जायचं कशाला? त्यांची मागणी साधी होती: ज्या जागेवर घर आहे, तिचा पट्टा द्या. शहर विकास मंचासारख्या संघटना आणि बस्तीबस्तीतल्या कमिट्यांनी ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. यात भाषणं कमी, कारकुनी जास्त. जागा मनपाची की नासुप्रची की नझूलची ते शोधा, मोजणीसाठी मागं लागा, घरोघरचे पुरावे लावा, ज्यांना वाचता येत नाही त्यांचे अर्ज भरा. फोटो निघण्यासारखं त्यात काही नसते, म्हणून बातमीही होत नाही. यात माझाही दोष आहे.

2015 ला पंतप्रधान आवास आली. घर बांधायला केंद्र-राज्य मिळून अडीच लाख. पहिला प्रश्न: जागा तुमच्या नावावर आहे का? तिथं पट्ट्याची मागणी सरकारलाही अडचणीची वाटेनाशी झाली. नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानं सरकारी जमिनीवरची 2011 पूर्वीची घरं नियमित करायची वाट मोकळी झाली. शेजारच्या मध्य प्रदेशानं भूमिहीनांना पट्टे देणारा कायदा 1984 लाच केला होता. 1956 पर्यंत आपण त्याच राज्याची राजधानी होतो, हे आठवलं की हसावं की रडावं कळत नाही.

आणखी एक सांगतो, राग येईल काहींना. 572 आणि 1900 लेआउट ऐकले असतील. शेतजमिनीवर परवानगीविना पाडलेले प्लॉट. त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा झाला आणि 2021 च्या दुरुस्तीनं तिथली तारीख डिसेंबर 2020 पर्यंत नेली. बस्तीवाला अजून 2011 वरच. प्लॉटवाल्याचं 'अनधिकृत बांधकाम', बस्तीवाल्याचं 'अतिक्रमण'.

आता खरी अडचण कोणाची? झुडपी जंगलाच्या नोंदीवर बसलेल्या बस्त्यांची. जिथं झुडूप सोडा, बाभूळ उरली नाही, तिथंही रेकॉर्डवर जंगलच. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं या जमिनी वनजमीनच मानल्या, मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांसाठी मार्ग ठेवला. म्हणजे पुन्हा तारीख, पुन्हा पेटी उघडा.

आणि भाडेकरू? मी उमरेडहून डिप्लोमाला आलो, तेव्हा दोन वर्षं अशाच बस्तीत एका खोलीत राहिलो. त्या घराच्या कुठल्याच कागदावर माझं नाव नव्हतं. आजही तसे हजारो आहेत, कोणत्याच यादीत न बसणारे.

तुमच्या बस्तीत पट्टे मिळाले का? मोजणी झाली असेल तर कोणत्या वर्षी, अडलं असेल तर कुठं, ते लिहा. पुढच्या आठवड्यात मी झुडपीवरच्या तीन बस्त्यांत जाणार आहे. जुने कागद असतील तर काढून ठेवा, बघायला येतो.