संपर्कनोंदीत ‘दिंडी क्रमांका’चा रकाना

नातेपुते : आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते येथे मुक्कामी असते. सोबतच्या दिंड्या रथापुढील किंवा रथामागील क्रमांकाने ओळखल्या जातात. मायक्रोसॉफ्ट आउटलुकच्या संपर्कनोंदीत मात्र कंपनी, हुद्दा, फॅक्स असे रकाने तयार मिळतात. दिंडी क्रमांकाला जागा नसते. तो शेऱ्यात लिहिला तर यादी क्रमवार लावता येत नाही आणि ऐनवेळी दिंडीप्रमुखांचा दूरध्वनी शोधत बसावे लागते.

हा रकाना वापरकर्त्याला स्वतः तयार करता येतो. क्लासिक आउटलुकमध्ये ‘डेव्हलपर’ टॅबवरील ‘डिझाइन अ फॉर्म’मधून ‘कॉन्टॅक्ट’ निवडावा. ‘फील्ड चूजर’मधील ‘न्यू’ वापरून ‘स्थान’ व ‘क्रमांक’ हे रकाने निर्माण करावेत आणि कोऱ्या पानावर ओढून आणावेत. फॉर्म संपर्कांच्या फोल्डरमध्ये ‘पब्लिश’ करून फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये तोच निवडावा. जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. त्यांचा ‘मेसेज क्लास’ बदलावा लागतो.

मुक्कामाच्या तारखेला दिनदर्शिकेत वार्षिक पुनरावृत्ती लावू नये. वारी तिथीनुसार चालते; आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला, तर २०२५ मध्ये ६ जुलैला होती.

नव्या आउटलुकमध्ये असे फॉर्म चालत नाहीत. नेहमीच्या ‘एक्स्पोर्ट’मध्येही स्वनिर्मित रकाने गळतात. त्यामुळे बदल करण्यापूर्वी हे रकाने तक्त्याच्या स्वरूपात दाखवून सर्व नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घ्याव्यात. अन्यथा वर्षानुवर्षे जमविलेली यादी नावे आणि दूरध्वनींपुरतीच उरेल.