अक्राणी

नंदुरबार जिल्ह्याचा सातपुड्यातील तालुका. मुख्य ठाणे धडगाव. बोलण्यात तालुक्यालाही धडगावच म्हणतात. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा तो नंदुरबारमध्ये आला. उत्तरेला नर्मदा, पलीकडे मध्य प्रदेश. अस्तंबा (सु. 1,325 मी.) हे महाराष्ट्रातील सातपुड्याचे सर्वोच्च शिखर याच तालुक्यात आहे. दिवाळीत तेथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते. थंड हवेचे तोरणमाळ व तेथील यशवंत तलावही येथलेच.

वस्ती मुख्यतः पावरा व भिल्ल आदिवासींची. घरे ज्याच्या त्याच्या शेतात, कुडाच्या भिंतींची. एकाच गावाचे पाडे उतारांवर विखुरलेले असतात आणि शेजारच्या पाड्यावर जायलाही दरी उतरून पुन्हा चढावे लागते. रस्ता, वीज, दवाखाना येथे उशिरा पोचण्याचे हे एक कारण. सरकारी अनास्था हे दुसरे, आणि ते डोंगरावर ढकलता येत नाही.

ज्वारी, मका, भगर ही पावसाळी पिके. रोख पैसा देतो तो आमचूर. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवून, सोलून, त्यांच्या फोडी उन्हात वाळवतात; घरातली लहानथोर सगळी माणसे या कामाला लागतात. पांढऱ्या फोडीला भाव चांगला. अवकाळी पावसाची एक सर आली की माल काळा पडतो आणि हंगामाची मेहनत मातीमोल होते.

होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण. आधी भोंगऱ्या बाजार भरतो. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात, त्यामुळे एकमेकांच्या होळीला जाता येते. बावा, म्हणजे नवस बोललेले पुरुष, अंगावर पांढरी नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधतात. व्रताच्या काळात ते कडक पाळणूक करतात. त्यांचा नाच केवळ पाहुण्यांना दाखवायचा खेळ समजणे चूक. ती नवसफेड आहे.

नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावांची जमीन कमीअधिक प्रमाणात गेली. नदीकाठची सुपीक शेती, मासेमारी, ऐलपैल सोयरीक हे सारे विस्कटले. बिलगावला उदई नदीवर लोकांनी श्रमदानातून उभारलेला छोटा वीजप्रकल्पही बुडाला. नर्मदा बचाव आंदोलनाने 1990 च्या दशकात या खोऱ्यात आदिवासी मुलांसाठी जीवनशाळा सुरू केल्या. काठच्या पाड्यांसाठी आरोग्यसेवा आता बोटीवरच्या तरंगत्या दवाखान्यातून येते.