पंडिता रमाबाई : नीती आणि ईश्वराची भेट

सदाचाराने वागणाऱ्या माणसाला ईश्वर भेटलाच, असे म्हणता येईल काय? ख्रिस्ती धर्मचिंतनातील हा प्रश्न फार जुना आहे. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात त्याला एक स्पष्ट उत्तर सापडते.

१८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थाटनात व पुराणकथनात गेले. दुष्काळाच्या दिवसांत काही महिन्यांच्या आतच आई, वडील व थोरली बहीण यांना त्या मुकल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. तथापि या पांडित्याने मनाची तहान भागली नाही. १८८२ साली वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यास त्यांचा ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नीतीचे महत्त्व त्या जाणून होत्या. ईश्वर मात्र अजून दूरच होता.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची मायेने शुश्रूषा करताना त्यांना दिसल्या. या सेवेमागील प्रेरणा कोणती, असे विचारता एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. शास्त्र दोषीला दंड सांगते. येथे दोषीजवळ बसून बोलणारी करुणा होती. ती त्यांच्या अंतःकरणाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परंतु त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. त्रैक्याचा सिद्धांत केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानण्याचे त्यांनी नाकारले. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. त्यावरून गुरुस्थानी असलेल्या भगिनींशी मोठा पत्रव्यवहार झाला.

१८८९ साली मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. असे लोकोपयोगी आयुष्य चालू असतानाच आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपणास लाभला नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करू लागली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशकालाही हीच उणीव भासली होती! बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्या पुण्याईचा हिशेब बाजूस ठेवून, त्या ख्रिस्ताला प्रत्यक्ष शरण गेल्या.

या शरणागतीचे मोल त्यांना द्यावे लागले. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा त्याग केला. सदन हिंदू मुलींच्या धर्मात हस्तक्षेप करणार नाही या भरवशावर त्यांनी साहाय्य केले होते. त्यांचा आक्षेपही तत्त्वाचाच होता. स्वतःची प्रार्थना दार लावून करणे मात्र रमाबाईंना शक्य नव्हते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने मरणारी स्वतःची माणसे त्यांना आठवत होती. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. केडगावचे ‘मुक्ती सदन’ त्यांचे घर झाले. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला.

सत्कर्मे रमाबाईंच्या हातून आधीही होत होती. ईश्वराशी नाते जडल्यावर त्यांचा व्याप वाढला, आणि त्यांवरील स्वतःचा हक्क मात्र सुटला.