प्रतिसाद न देणारे प्रोग्रॅम आणि संगणक बंद करणे

संगणक बंद होताना अडून बसलेल्या प्रोग्रॅमला किती मुदत द्यायची, हे ठरवणारी कार्यप्रणालीतील व्यवस्था. विंडोज आधी प्रत्येक प्रोग्रॅमला आवरते घेण्याचा संदेश पाठवते. प्रोग्रॅम हललाच नाही, तर पडद्यावर ‘तरीही बंद करा’ हा पर्याय येतो. रजिस्ट्रीतील ‘कंट्रोल पॅनेल’खालच्या ‘डेस्कटॉप’ विभागात यासाठी नोंदी असतात. ‘हंगअ‍ॅपटाइमआउट’ची मूळ मर्यादा ५००० मिलिसेकंद, म्हणजे ५ सेकंद. ‘ऑटोएंडटास्क्स’चे मूल्य १ केले, की विंडोज न विचारताच प्रोग्रॅम संपवते. लिनक्समध्ये सिस्टमडी प्रथम ‘सिगटर्म’ हा थांबण्याची विनंती करणारा आणि सामान्यतः ९० सेकंदांनी ‘सिगकिल’ हा सक्तीने संपवणारा संकेत देते. दुसऱ्यापुढे कोणत्याही प्रोग्रॅमची मात्रा चालत नाही.

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या एखाद्या सेवा केंद्रात वीज गेली आणि यूपीएसची शिटी सुरू झाली, की ही प्रतीक्षा जड जाते, हे खरे. तरीही मुदत फार घटवू नये: वर्डमध्ये टाइप केलेला, पण जतन न केलेला शेतकऱ्याचा अर्ज त्यात कायमचा जाऊ शकतो. बदलापूर्वी रजिस्ट्रीची प्रत काढावी. अनेकांच्या वापरातील संगणकावर ‘ऑटोएंडटास्क्स’ ० वरच ठेवावे.