रेफ्रिजरेटरचा कायदा

घरांतील रेफ्रिजरेटरनें वर्षाकांठीं किती वीज खावी, हा प्रश्न संस्थानें व मध्यवर्ती सरकार यांच्या अधिकारांच्या वादांत शिरेल, असें पूर्वीं कोणास वाटलें नसतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तसें घडलें. आणि मौज ही कीं, त्या हकीगतीच्या तीन वळणांवर एकाच गृहस्थाची लेखणी दिसते.

१९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें आणि अमेरिकेस काटकसरीचा पहिला धडा मिळाला. त्या काळचे तेथील रेफ्रिजरेटर आकारानें ऐसपैस, पण त्यांच्या भिंतींत उष्णता अडविणारें अस्तर अपुरें. एकेक वर्षास सरासरी सुमारें १,८०० युनिट वीज घेई. मग ग्राहक चांगला माल कां मागत नव्हता? दुकानांत किंमत दिसे, पुढील पंधरा वर्षांचें विजेचें बिल दिसत नसे. शिवाय पुष्कळ घरांत रेफ्रिजरेटर विकत घेई घरमालक आणि बिल भरी भाडेकरू. ज्याच्या खिशास झळ नाहीं, तो अस्तराची चौकशी कशाला करील?

१९७४ त कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें वॉरन व अल्क्विस्ट या दोन सभासदांच्या नांवांनीं ओळखला जाणारा कायदा केला आणि उपकरणांच्या वीजखर्चावर मर्यादा घालण्याचा अधिकार एका मंडळास दिला. त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीं सही केली. तें दशक संपण्यापूर्वींच रेफ्रिजरेटरवर मर्यादा बसली, आणि न्यूयॉर्कसारखीं इतर संस्थानेंही त्या वाटेनें निघालीं.

मध्यवर्ती सरकारची चाल मात्र मंद होती. १९७५ च्या कायद्यांत उद्दिष्टें व माहितीच्या चिठ्ठ्या एवढेंच होतें. बंधनकारक नियम करण्याची आज्ञा १९७८ त झाली. पुढें रेगन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या ऊर्जाखात्यानें बहुतेक उपकरणांस नियमांची जरूरच नाहीं असा निर्णय दिला. १९८५ त न्यायालयानें तो बेकायदा ठरविला.

तोंवर कारखानदारांचेंच मत पालटलें होतें. संस्थानागणिक नियम निराळा, मग माल करावयाचा तरी कोणत्या मापानें? त्यापेक्षां सर्व देशास एकच कडक नियम परवडला! काटकसरवाद्यांशीं त्यांचा तह झाला: नियम राष्ट्रीय व्हावा, तो ज्या उपकरणांस लागू होईल त्यांबाबत संस्थानांनीं, खास परवानगीवांचून, स्वतःचा नियम चालवूं नये. १९८६ त काँग्रेसनें मंजूर केलेलें विधेयक रेगन यांनीं सहीवांचून पडूं दिलें. मार्च १९८७ त तें पुन्हां आलें, तेव्हां त्यांनींच सही केली.

फायदा मोठा झाला. १९९०, १९९३ व २००१ सालीं मर्यादा उत्तरोत्तर कडक झाल्या आणि नवा रेफ्रिजरेटर सुमारें ५०० युनिटांवर आला. पण या तहांत संस्थानांनीं आपला अधिकार गहाण टाकला होता, ही गोष्ट त्या यशाच्या भरांत फारशी कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं. मध्यवर्ती सरकारनेंच नियम काढून घेतले तर काय, ही धास्ती २०१७ त नवें सरकार आल्यावर जागी झाली. तेव्हां व्हरमाँट या साडेसहा लक्षांच्या आंतील वस्तीच्या लहानशा संस्थानानें १९ जानेवारी २०१७ रोजीं अंमलांत असलेले राष्ट्रीय नियम आपल्या कायद्यांत उतरवून घेतले. राष्ट्रीय नियम कायम आहेत तोंवर त्या कलमांनीं स्वस्थ पडून राहावें. ते रद्द झाले तर त्यांनीं जागें व्हावें, अशी त्यांत योजना होती.