सी भाषेतील पूर्वनिश्चित नामे

नावावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न सी भाषेच्या इतिहासात क्षुल्लक मानता येत नाही. १९७२-७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत या भाषेस प्रीप्रोसेसरची जोड मिळाली. पुढे, प्रोग्रॅम कोणत्या यंत्रासाठी सिद्ध होत आहे हे कळावे म्हणून ‘युनिक्स’, ‘व्हॅक्स’ अशी नावे कंपायलरच मॅक्रो म्हणून आधी ठरवून ठेवू लागले. सोय झाली खरी. परंतु तेच नाव प्रोग्रॅमकाराने एखाद्या चलास दिले, की त्या जागी १ हा अंक बसे आणि निर्दोष लेखनही सदोष ठरे.

१९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने गायरान व खाजगी शेत यांमध्ये जणू बांध घातला. फाइल, ओळ, दिनांक, वेळ व प्रमाणानुसारिता दर्शविणारी पाच नामे त्याने आवश्यक ठरविली. इतर भर कंपायलरने अधोरेषेने आरंभ होणाऱ्या राखीव नामांतच घालावी, असा दंडक केला.

तथापि जुनी सवय पुरती सुटलेली नाही. लिनक्सवर जीसीसी कंपायलर त्याच्या नेहमीच्या विस्तारित रीतीने चालविल्यास ‘लिनक्स’ हे साधे नाव आजही १ होते. काटेकोर प्रमाण रीत मागितल्यास होत नाही. बांध घातला गेला, तरी तो राखण्याचे काम अखेर प्रोग्रॅमकाराकडेच राहिले आहे.